आबांची मंजुरी

सुकदेव आबांनी चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला आणि 'मंजूर'वर बोट टेकवलं. तिकडे एमआयडीसीत चटईच्या कारखान्याच्या गेटातून भरलेली गाडी बाहेर पडली. इकडे पिंप्राळ्यात आबा बनियनवर अंगणात बसले होते आणि समोरच्या खुर्चीतली पुनम चहाचा घोट गिळायचं विसरून त्यांच्या बोटाकडे बघत राहिली.

पुनम त्याच कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होती. आबा तिथले स्टोअरचे प्रमुख, दिवाळीत निवृत्त झालेले. तरी होळी उलटून गेल्यावरही रोज सकाळी त्यांच्याच नावानं गाड्या सुटत होत्या. कुणीतरी आबांचा पासवर्ड पळवलाय, असंच ती धरून चालली होती. आता तो चोर तिला आणखी एक खारी घ्यायचा आग्रह करत होता.

"आबा, हे तुम्ही रोज करता?"

"मग? आंघोळ, देवपूजा आणि हे. गाडीचा फोटो येतो, त्यात बंडलं मोजतो, मगच दाबतो. उगाच बोट टेकवत नाही मी."

आबांच्या पत्नी प्रमिलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या धुळ्याकडच्या. इतकी वर्षं जळगावात काढली, पण अहिराणी बोली काही सोडली नव्हती.

"कंपनी सोडस नही यास्ले. यास्ना बोटबिगर गाडी हालस नही. बठ्ठी गल्लीले माहीत शे!"

आबा नुसते हसले. पगार नाही तर नाही, कंपनीनं मान ठेवला आणि अख्ख्या गल्लीला ते ठाऊक आहे, एवढं त्या हसण्यात होतं.

झालं होतं ते अगदी साधं. निरोपाच्या दिवशी आबांना फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं. शेठजी म्हणाले, "आबा, तुमच्याशिवाय इथलं पान हलणार नाही." निरोपाला सगळे असंच बोलतात. हे सगळ्यांना कळतं, फक्त ज्याला निरोप असतो त्याला कळत नाही. आता शाल पांघरता पांघरता माणसाचं नाव सॉफ्टवेअरमधून कोण काढणार? उद्या काढू म्हणाले, आणि ते राहिलं. आबांच्या जागी आलेले प्रेमराज साहेब दहाला येऊन कॉम्प्युटर उघडायचे, तर सगळं आधीच मंजूर! नवं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, असा त्यांचा समज झाला. मीटिंगमध्ये त्यांनी त्याची तारीफसुद्धा केली.

सोमवारी ऑडिटवाले येणार होते. त्याआधी हे भोक बुजवायला हवं होतं. पुनमनं सकाळीच आबांचा अधिकार काढायचा अर्ज टाकला, तर मशीननं तो स्टोअरप्रमुखांच्या मंजुरीला पाठवला. आणि मशीनच्या लेखी स्टोअरप्रमुख अजून आबाच होते. म्हणून ती स्कूटी काढून इथं आली होती.

"आबा," ती म्हणाली, "आणखी एक अर्ज आला असेल बघा तुमच्याकडे."

आबांनी बोटानं पडदा वर सरकवला. वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"पोरी, एक खरं सांग. मला ठेवलं होतं, की मी राहून गेलो होतो?"

'ठेवलं होतं' म्हणणं सोपं होतं. प्रमिलाबाई दाराला धरून तेच ऐकायला उभ्या होत्या. पुनमला फार वाईट वाटलं. पण एक बंडल कमी निघालं तर अख्खी गाडी खाली करायला लावणारा हा माणूस. त्याच्यापुढे खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"राहून गेलं, आबा. चूक आमची."

आबांनी मान हलवली. मग त्यांनी बोट टेकवलं. पुनमच्या हातातला मोबाइल वाजला. तिनं पाहिलं. नामंजूर.

प्रमिलाबाईंचा चेहरा एकदम फुलला.

"आबा, असं नका करू. सोमवारी ऑडिट आहे."

"करतो ना मंजूर. आधी कारण नीट लिही." आबांचा आवाज स्टोअरमधल्यासारखाच होता, शांत. "तू लिहिलंस, 'कारण: सॉफ्टवेअरमधील त्रुटी'. मी त्रुटी आहे का? 'सेवानिवृत्ती' लिही. माणूस त्यानं जातो."

पुनमचे कान तापले. तिनं तिथंच मोबाइलवर कारण बदललं आणि अर्ज पुन्हा पाठवला. आबांनी चष्मा पुसला, आपलं नाव नीट लिहिलंय का ते पाहिलं, तारीख पाहिली आणि 'मंजूर' दाबलं. त्याबरोबर पडदा कोरा झाला. गाड्यांचे फोटोही गेले.

"मंग सकायले काय करशात?" प्रमिलाबाईंनी हळूच विचारलं.

आबांनी मोबाइल खिडकीत ठेवला आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

तेवढ्यात पुनमचा फोन वाजला. प्रेमराज साहेब होते, आणि त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू जाईल इतका मोठा.

"पुनम मॅडम, दुसरी गाडी भरून गेटवर उभी आहे, मंजुरीच येत नाही! आजवर तर मशीन सगळं आपोआप करत होतं. आज काय झालं त्याला?"

पुनमनं आबांकडे पाहिलं.

आबांनी कप खाली ठेवला.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "मशीन रिटायर झालं."