बिनसाखरेचे लाडू

"एवढंच? पाक न्हाई, काही न्हाई?" सायलीनं विचारलं.

"एवढंच. पाकाची भानगडच नको." कडूबाईनं परात पुढं ओढली. "तीळ भाजायचे, तडतडले की उतरवायचे. शेंगदाण्याचं कूट घ्यायचं. बिया काढलेला खजूर चमचाभर तुपात परतला की लोण्यावानी मऊ हुतो. सगळं मळायचं, वेलदोडा घालायचा अन् गरम हाय तवर वळायचं. गूळ न्हाई, साखर न्हाई."

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. सायली शेजारच्या सूर्यभान तात्यांची सून. तात्यांना जबर शुगर. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पायाची दोन बोटं गेली. या दिवाळीनंतर उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

"मी केले तर हात लावत न्हाईत," सायली म्हणाली. "म्हणतात, कडूबाईच्या हातचेच आन. डॉक्टर म्हणतात शुगर का उतरत न्हाई तेच कळंना. पथ्य तर सगळं पाळतोय आमी."

"हातापायाला हालचाल न्हाई ना. थंडीत वाढतीच."

"दुपारी तुमीच द्याल का, मावशी? माझी सेकंड शिफ्ट हाय."

"देते की."

सायली गेली. कडूबाईनं दाराला कडी घातली, फळीवरचा डबा काढला आणि दोन वाट्या पिठीसाखर परातीत ओतली. वरून बारीक किसलेला गूळ. कण लागू नये म्हणून ती तळहातानं रगडून रगडून मळत राहिली. खजुराचा रंग काळा. त्यात काहीही लपतं.

हे तिचं चौथं वर्ष. दत्तजयंती झाली की सुरू करायचं ते रथसप्तमीपर्यंत. गाजराचा हलवा, तिळाच्या वड्या, लाडू. सगळं 'खास शुगरवाल्यांसाठी'. आळीतल्या बायका म्हणत, नाव कडू पण माया बघा बाईची.

जामखेडकडून सुप्याला आली तेव्हा तिचा नवरा जालिंदर एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता आणि सूर्यभान तिथला सुपरवायझर. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेलं गार्ड सूर्यभाननं काढायला लावलं, कारण ते लावलं की काम हळू होतं. तिसऱ्या दिवशी जालिंदरचे दोन्ही हात खांद्यापर्यंत आत गेले. चार दिवस तो दवाखान्यात तडफडला आणि गेला.

चौकशीत सूर्यभाननं लिहून दिलं, "जालिंदर पिऊन आला होता. गार्ड त्यानंच काढलं."

जालिंदर जन्मात दारूला शिवला नव्हता. पण कागद तो कागद. सख्ख्या दिरानंसुद्धा तो खरा मानला. लेकीची, पंकजाची, ठरलेली सोयरीक 'बाप पिऊन मेला' म्हणून मोडली. कडूबाईनं नगरच्या कोर्टात केस घातली, तीही आता सात वर्षं लोंबत होती. बरोबरच्या एकाही कामगारानं साक्षीला तोंड उघडलं नाही. वकील दर तारखेला एकच सांगायचा, "बघितलेला माणूस आणा, बाई. त्याशिवाय काही होत नाही."

तिनं मग कोर्टाची आशा सोडली. तिला विषही नको होतं. विषानं माणूस एका दमात सुटतो. चार दिवसांचे चारशे व्हायला हवे होते. बोट, मग पाऊल, मग पाय. पाय कापला त्या संध्याकाळी तिनं घरी पुरणपोळी केली होती आणि पंकजाला, आज काय आहे ते सांगितलं नव्हतं.

दुपारी ती डबा घेऊन गेली. तात्या अंगणात उन्हाला खुर्चीवर बसले होते, मांडीवर घोंगडी. घोंगडीखाली एका बाजूला काहीच नव्हतं. तिथं तिची नजर गेली की तिला आत कुठंतरी गार वाटायचं.

"ये, कडूबाई. काय आनलंस?"

"खजुराचे लाडू. बिनसाखरेचे."

तात्यांनी एक उचलला, सावकाश खाल्ला. मग दुसरा. ती समोर उकिडवी बसून एकेक घास मोजल्यासारखी बघत होती.

"गोड झालेत का?"

"लई गोड."

"मंग घ्या आनखी एक. तुमाला चालतंय."

त्यांनी तिसरा घेतला. दाताखाली तीळ फुटत राहिले. खाऊन झाल्यावर त्यांनी बोटं धोतराला पुसली.

"डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या येत्यात गं."

"थंडी हाय, तात्या," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "परवा संक्रांतीला गुळपोळी आनते. तीबी बिनगुळाची."

तात्या हसले नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पण डबा परत केला नाही. मांडीवरच धरून ठेवला.

"मागच्या सोमवारी सायलीला रिक्षा करायला लावली. नगरला जाऊन आलो."

"दवाखान्यात?"

"तुझ्या वकिलाकडं."

कडूबाईचा हात जमिनीवर टेकला.

"गार्ड मी काढायला लावलं. जालिंदर शुद्धीत हुता. सगळं सांगितलं त्याला. साक्षीदारात माझं नाव घातलंय त्यानं. म्हनला, नुसत्या कागदावर न्हाई भागायचं, कोर्टात हुबं राहून तोंडानं सांगावं लागंल."

तात्यांनी डबा उघडला, चौथा लाडू हातात घेतला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि परत आत ठेवून डबा तिच्यापुढं सरकवला.

"बावीस फेब्रुवारीची तारीख हाय, कडूबाई. तवर तेवढी साखर घालू नको."