लाल शेरा

भोंगा वाजला, तरी ती जागची हलली नाही.

रस्त्यापलीकडे लॉन्ड्रीचं फाटक होतं. अलीकडे सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या आडोशाला ती डबा छातीशी धरून उभी होती. एरवी भोंग्याच्या आधी फाटकात हजर असणारी बाई. पाय सवयीने रस्ता ओलांडायला निघत आणि ती त्यांना दटावून मागे घेई. आज महिन्याचा शेवटचा दिवस. आजचा एवढा एक लाल शेरा पडला की सुटले, असं ती स्वतःला बजावत होती.

झालं होतं असं, की सरकारने किमान वेतन वाढवलं. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी लॉन्ड्रीतल्या बायकांनी इस्त्रीच्या चादरी हवेत उडवल्या. तिनेही उडवली. मग नियमाप्रमाणे ती साहाय्य कार्यालयात कळवायला गेली. तिथल्या बाईने आकडेमोड केली, मान वर केली आणि म्हणाली, "अभिनंदन! तुम्ही आता गरिबांत मोडत नाही."

वेतन वाढलं होतं, पण गरिबीची रेघ होती तिथेच होती. रेघ ओलांडली की साहाय्य बंद. तिच्या घरी साहाय्य म्हणजे नवऱ्याच्या खाटेशी घरघरणारं श्वासाचं मशीन. याच लॉन्ड्रीत धुलाईच्या हौदांवर वाफ आणि औषधांचा उग्र वास छातीत भरून भरून त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. वीज गेली तरी त्याचे ओठ निळे पडत आणि ती पदराने वारा घालत देवाला शिव्या देत बसे. तसलं मशीन भाड्याने घ्यायचं तर तिचा सगळा पगार त्यात घातला असता तरी भागलं नसतं.

महिनाअखेरीला लॉन्ड्रीतून पगारपत्रक थेट कार्यालयात जाई. आकडा रेघेपलीकडचा असला, तर दुसऱ्याच दिवशी मशीन न्यायला गाडी दारात. मालकाला "मला कमी द्या" म्हणायची सोय नव्हती, कायद्याने त्यालाच दंड झाला असता. मुद्दाम पगार कमी करून घेतला तर ती फसवणूक, असंही त्या बाईने सांगून ठेवलं होतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. खाडे केले तर नोकरीच जायची. तेव्हा तिने आपल्या अकलेने एक वाट शोधली. भोंग्यानंतर आलं की हजेरीत लाल शेरा पडतो आणि तीन शेऱ्यांना अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. ती उशिरा यायला लागली.

हे कुणाला सांगायचीही चोरी. चादरीचं दुसरं टोक धरणारी तिची जोडीदारीण रोज टोमणा मारी, "काय गं, या वयात वाटेत कोण भेटतंय तुला?" ती हसून चादर ताणून धरी. आतून मेल्याहून मेल्यासारखं होई.

फाटकावरचा टाइमकीपर तर नवऱ्याचा जुना दोस्त. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. ती उशिरा आली की तो चकार शब्द काढत नसे, मान खाली घालून काहीतरी लिही. तिला वाटे, याला आपली लाज वाटते. वाटू दे. लाजेने कुणी मरत नाही, श्वास अडकला की मरतं माणूस.

दुकानातल्या घड्याळाचा काटा पुरेसा सरकला, तशी ती रस्ता ओलांडून फाटकातून आत गेली. टाइमकीपरने नेहमीसारखी मान खाली घातली. तिचा जीव भांड्यात पडला. दिवसभर ओल्या चादरीसुद्धा तिला हलक्या लागल्या. एकदा तर ती चक्क गुणगुणली, आणि जोडीदारीण म्हणाली, "म्हणजे आहे बाई कुणीतरी!"

संध्याकाळी पगार वाटताना टाइमकीपरने तिला मुद्दाम शेवटी थांबवलं. सगळ्या बायका गेल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पाकीट तिच्या हातात ठेवलं. पाकीट जाड होतं.

"वहिनी, मोजून घ्या. एक पैसा कापू दिला नाही."

"म्हणजे?"

"अहो, घरी आजारी माणूस, उशीर व्हायचाच. तुमच्या नावापुढे लाल शेरा मारायला माझा हात धजेना. महिनाभर वेळेवर आल्याचं लावलं. वर पूर्ण हजेरीचा भत्ताही बसलाय. दोस्ताला म्हणावं, मी दुसरं काय करणार, एवढंच हातात होतं."

"भाऊजी, ते बदला. आत्ताच्या आत्ता बदला."

"घाबरताय कशाला? दुपारीच पगारपत्रक कार्यालयात गेलं, शिक्का बसला. आता कुणाच्या बापाला बदलता यायचं नाही."

तो हसत होता. त्याच्या चांगुलपणात शोधूनही खोट सापडत नव्हती, त्यामुळे ती त्याला शिवीसुद्धा देऊ शकली नाही. मागे घडी घातलेल्या चादरींचा गठ्ठा होता, त्यावर ती मटकन बसली. तिचे खांदे हलायला लागले. आनंदाने गहिवरली असेल, असं त्याला वाटलं. त्याने माठातलं पाणी आणून तिच्यापुढे धरलं.

तिने पेला घेतला नाही. मान वर करून ती म्हणाली,

"भाऊजी, उद्या ह्यांचं मशीन न्यायला गाडी येईल. मी ह्यांच्या उशाशी असेन. उद्याचा तरी खाडा मांडा."