टबाचा कोपरा

"हे पिलू बाकीच्यांच्या ढिगाच्या तळाशी सापडलं का गं?" डॉक्टरकाकूंनी विचारलं.

ठकूच्या आईने मान डोलावली. चौथं पिलू काल संध्याकाळी गेलं होतं. काकूंना दाखवायला म्हणून तिने ते जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं. बारा दिवसांचं बदक. ओंजळीत मावेल एवढं. उरलेली तीन टेबलावरच्या टबात एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. शेठजी, हवालदार आणि मावशी. नावं ठकूने ठेवलेली. सहा वर्षांची ठकू शाळेचा गणवेश घालून दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. तीन दिवस झाले, पिलं दाण्याला धड चोच लावत नव्हती. आईने काल तिला शब्द दिला होता, आता एकही जाऊ देणार नाही.

काकू जनावरांच्या डॉक्टर. खालच्याच मजल्यावर राहायच्या. दवाखान्यात जाता जाता वर डोकावल्या होत्या, बॅग अजून खांद्यालाच होती. त्यांनी एकेक पिलू तळव्यावर घेतलं. डोळे बघितले, नाकपुड्या बघितल्या, शेपटीखाली काही चिकटलंय का ते बघितलं. पाय हलकेच ताणून सोडले.

"पाय छान आहेत की. दाण्यात यीस्ट घालतेस?"

"रोज. तुम्हीच म्हणाला होतात ना, नुसत्या कोंबडीच्या दाण्यावर बदकांचे पाय अधू होतात."

"आणि पाणी?"

"नाकपुड्या बुडतील एवढं. पोहायला नाही सोडत. भिजलीच तर लगेच पुसून उबेच्या दिव्याखाली ठेवते."

काकूंनी टबाच्या कडेला लावलेल्या तापमापीवर नजर टाकली आणि हसल्या. "अगं, माझ्या दवाखान्यात नसते एवढी बडदास्त. उद्या माझ्याच खुर्चीत बसशील तू."

ठकूची आई सुखावली. घरी शिवणकाम करताना तिचा एक डोळा कापडावर आणि एक टबाकडे असायचा. दोनदा सुई बोटात गेली होती त्यापायी.

"मग खात का नाहीत हो?"

काकू टबाकडे बघत राहिल्या.

"थंडी वाजली की ही दिव्याखाली गोळा होतात," त्या म्हणाल्या. "उकडलं की चोच उघडी टाकून लांब पांगतात. आता ही बघ. ऊब त्या टोकाला, दाणा त्या टोकाला, आणि ही तिघं थरथरत ह्या कोपऱ्यात. रोज इथेच बसतात?"

"इथेच."

"मग ही आजारी नाहीत. घाबरलीत. कालचंही आजाराने गेलेलं नाही. कशाचा तरी धसका घेऊन सगळी एकमेकांवर चढली आणि ते खाली गुदमरलं."

ठकूच्या आईला आधी मांजर आठवलं. पण खिडकीला जाळी होती. कावळा? जाळी होती म्हटल्यावर कावळा कुठला! शिवणाचं मशीन तर मागच्या खोलीत होतं.

"घाबरलेल्या पिलाकडे बघून काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "त्याच्या कोपऱ्यामागे डोकं टेकव आणि त्याला समोर काय दिसतं ते बघ."

ठकूची आई वाकली. टेबलावर गाल टेकवला. टबाच्या पारदर्शक भिंतीतून, तीन भेदरलेल्या डोक्यांवरून, तिने पलीकडे पाहिलं. टेबलाचं दुसरं टोक. तिथे तिची खुर्ची. खुर्चीपुढे ठकूची वही, खाडाखोड करून करून भोक पडलेली. वहीशेजारी कापड बेतायची लाकडी पट्टी.

रोज संध्याकाळी इथेच ठकूचा अभ्यास व्हायचा. एकीकडे काजं-बटणं, एकीकडे पाढे. गिऱ्हाईक दारात, दूध गॅसवर, आणि ही पोर सातच्या पाढ्यात हटकून अडकणार. मग पट्टी टेबलावर आपटायची. फाडकन. सगळं टेबल हादरायचं.

तिने मान वर केली तेव्हा तिचा गाल लाल झाला होता.

"अहो, ठकूला मी फुलानेसुद्धा मारत नाही," ती घाईघाईने म्हणाली. "नुसती टेबलावर आपटते. धाक असावा म्हणून."

काकूंनी बॅगेचा पट्टा नीट केला.

"मी ठकूचं विचारलंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

पुढे त्या बरंच काही बोलल्या. टब आतल्या पलंगाशेजारी, जमिनीवर ठेव. खाली जाड फडकं घाल. दिवसभर कुणी हात लावू नका. संध्याकाळपर्यंत खायला लागतील, नाही लागली तर मला हाक मार. ठकूच्या आईने सगळ्याला हो म्हटलं. त्यातलं निम्मंच तिच्या कानात शिरलं. ढिगाच्या तळाशी काल काय झालं असेल, तेवढंच डोळ्यांपुढे येत राहिलं. काल ती किती जोरात ओरडली होती? पट्टी एकदाच आपटली होती ना? का दोनदा?

काकू जिना उतरून गेल्या.

ही अवदसा पट्टी आधी माळ्यावर टाकायची, तिने ठरवलं. नाहीतर चुलीत, म्हणजे गॅसवर, तिचं तिलाच किंचित हसू आलं. तिने हात लांब करून पट्टी उचलली.

मागे पावलं वाजली.

ती वळली. ठकू चौकट सोडून तिच्यापुढे येऊन उभी राहिली होती. तळहात पुढे केलेला, बाही कोपरापर्यंत सरकवलेली, डोळे आधीच घट्ट मिटलेले.