केबिनची नवी जमीन

"चार इंच?" डेसनं शिडीवरूनच बोटीच्या केबिनमध्ये डोकं घातलं. "लिन, जमीन चार इंच वर घेतलीस? अगं, तुझा नवरा सहा फूट दोन इंच. रोज टाळकं आपटेल त्याचं!"

लिनेट गुडघ्यांवर होती. तिनं ड्रिल बंद केलं. "आपटू दे. वाकायला शिकेल."

डेस खदखदून हसला. सत्तरीचा गडी, बोटदुरुस्तीच्या यार्डाचा मालक. हुऑन नदीच्या या काठावरच्या झाडून सगळ्या शिडाच्या बोटी त्याच्याच क्रेननं पाण्यात जात-येत.

"खरं सांग, मापात चुकलीस ना?"

"नाही हो. बोट कलली की तळातलं पाणी वर चढतं. जुन्या फळ्या त्यानंच कुजल्या. आणि बोट वर रुंद होत जाते, तेवढीच जमीन जास्त मिळते."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्या कुजक्या जमिनीनंच तिच्या नवऱ्याचा, क्लाइव्हचा घात केला होता. जुलैमध्ये फळी मोडून पाय आत गेला आणि मांडीचं हाड तुटलं. दोनदा ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो होबार्टला हॉस्पिटलात पडून होता. येत्या शुक्रवारी सुटणार होता. त्याआधी बोट पाण्यात गेलीच पाहिजे, हा लिनेटचा हट्ट.

त्यासाठी ती अडीच महिने एकटी राबली. पहारीनं जुन्या फळ्या उचकटल्या. उंची बदलल्यामुळे त्यांचा नमुना चालेना, म्हणून पुठ्ठे कापून कापून नवे नमुने केले. पाणी मुरू नये म्हणून प्लायवूडच्या कडांना तीन-तीनदा रेझिन पाजलं. डावं मनगट पुरतं वळत नव्हतं, तेव्हा करवत उजव्या हातात आणि फळी गुडघ्याखाली. दोन वर्षांपूर्वी तीही याच केबिनमध्ये पडली होती. निदान क्लाइव्हनं सगळ्यांना तसं सांगितलं होतं.

गाव लहान, आणि दुसऱ्याच्या संसाराचं कौतुक करायला सगळ्यांना वेळ. बायको असावी तर अशी, असं जो तो म्हणे. एकटीनं शीड कसं चढवायचं-उतरवायचं तेही तिनं डेसकडून शिकून घेतलं. क्लाइव्हच्या पायाचा आता काय भरवसा?

"बुधवारी दुपारी भरती आहे," ती म्हणाली. "तेव्हा उतरवू."

"क्लाइव्हशिवाय?" डेसचं हसू मावळलं. "बोट त्याच्या नावावर आहे. मालक बोटीवर नसताना आम्ही तिला पाणी लावत नाही. माझ्या बापानं एकदा लावलं होतं. ती बोट गेली ती गेलीच."

"मी असेन ना बोटीवर."

"तू मालक नाहीस, बाई."

"शुक्रवारी त्याला बोट तरंगताना दिसली पाहिजे. डेस, एवढं करा माझ्यासाठी." एवढ्या वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

डेस विरघळला. "बरं. बुधवार."

बुधवारी बोट क्रेनच्या पट्ट्यांत झुलत धक्क्यापर्यंत आली, पण डेसचा पत्ता नव्हता. लिनेट बोटीवर चढून बसली होती. दर मिनिटाला घड्याळ बघत होती. भरती काही डेससाठी थांबणार नव्हती.

शेवटी डेसची गाडी धुरळा उडवत आली.

"रीत म्हणजे रीत!" तो लांबूनच ओरडला. "आणला बघ तुझा मालक! डॉक्टरांचं डोकं खाल्लं तेव्हा कुठं दोन दिवस आधी सोडला!"

काठी टेकत क्लाइव्ह उतरला. धक्क्यावर जमलेल्या लोकांच्या टाळ्या पडल्या, कुणीतरी बिअरचे कॅन वाटले. लिनेटनं एकदा केबिनकडे पाहिलं. तरी ती हसली. हसायची तिला सवय होती.

दोघा-तिघांनी धरून क्लाइव्हला बोटीवर चढवलं आणि केबिनमध्ये सोडलं. ते खाली उतरून गेले. तो वाकलेलाच आत बघत राहिला. एका माणसाचं अंथरूण. एक मग. महिनाभर पुरतील एवढे डबे. टेबलावर न्यूझीलंडपर्यंतच्या समुद्राचा नकाशा, आणि त्यावर एकच पासपोर्ट. लिनेटचा.

"कशी काय जमीन?" डेसनं धक्क्यावरून हाक दिली.

"झकास!" क्लाइव्ह मोठ्यानं म्हणाला. "उतरव बोट!"

बोट पाण्याला टेकली. पट्ट्या सुटल्या, दोर धक्क्याला बांधले गेले.

"लिन," आतून गोड हाक आली. "ये ना खाली. दाखव तरी मला, काय काय केलंस ते."

सगळे बघत होते, सगळे हसत होते. लिनेट खाली उतरली. केबिनचं झाकण सरकलं आणि आतून कडी लागली.

"चला रे," डेस डोळे पुसत म्हणाला. "त्या दोघांना जरा एकटं सोडू."