डी, बी, र, को, थिं, व

साहेब, तुम्ही महिनाभर आमचं ऑफिसचं चॅट चोरून वाचलंत आणि वर कंपनीची माहिती फोडल्याचा आळ माझ्यावरच घेतलात. काल केबिनमध्ये कागद आपटून विचारलंत, "चेतन, डी, बी, र, को, थिं, व. हा काय प्रकार आहे? डीबी म्हणजे आपला डेटाबेस ना?"

मी म्हणालो, "खेळ आहे, साहेब. आम्ही पाचजण जेवणाच्या सुट्टीत खेळतो. एकाने शब्दाची अक्षरं विस्कटून पाठवायची, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. हा आम्रपालीने दिलाय."

"असं? मग ओळखा."

मला येईना. आठ दिवस झाले, तो आमच्यापैकी कुणालाच सुटलेला नाही आणि आम्रपाली मेली तरी उत्तर सांगायची नाही. तुम्ही छद्मी हसलात. म्हणालात, "तपास होईपर्यंत कामावर येऊ नका."

आज नोटीस घरी आली. शेवटी तुमच्या सहीचा शेरा आहे: ‘सदर संदेशाची उकल करण्यात आली आहे : कोथिंबीरवडी. तपास चालू ठेवावा.’

ठेवा चालू. नोकरी घ्यायची तर तीही घ्या, मी पाया पडायला येणार नाही. पण आमच्यात जो शब्द ओळखतो, त्यानेच पुढचा द्यायचा असतो. तुमच्यापायी पाच माणसं खोळंबली आहेत. तुमचा शब्द कधी पाठवताय, ते लेखी कळवा.