कुशीवर

"पाठ जळतेय गो बाय. जरा कुशीवर वळव मला," तानाबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

लेकीला, शालिनीला, त्यातलं अक्षरही कळलं नाही. पक्षाघाताच्या झटक्याने तानाबाईचं निम्मं अंग गेलं होतं, चांगला हात सलाईनसाठी खाटेला बांधलेला. मॉरिशसमध्ये जन्मभर बोललेली फ्रेंच न् तिथली क्रेओल बोलीही पुसली गेली होती. उरली ती आईच्या मांडीवर शिकलेली मराठी. तेवढीच तिने शालिनीला दिली नव्हती, शाळेत पोर मागे पडेल म्हणून.

शालिनीला मराठीतलं एकच येत होतं, गणपतीची आरती. तीही फ्रेंच अक्षरांत लिहून पाठ केलेली. तिला वाटलं, आईला देव आठवलाय. हात जोडून ती गायला लागली. नर्सही दाराशी थबकली.

तानाबाई गप्प झाली. आरती चालू असताना मधे बोलू नये, हे लेकीला तिनेच शिकवलं होतं. पाठीखाली निखारे घेऊन, डोळे मिटून ती आरती संपायची वाट बघत राहिली.

"बघा, मामाँ किती शांत झाली," शालिनी डोळे पुसत नर्सला क्रेओलमध्ये म्हणाली, आणि तिने आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.