पायाळू

"लाव की पाय, किती वाट बघू?" अंगणात घोंगडीवर पालथा पडलेला दगडू कण्हत म्हणाला. दारू ढोसली की दुसऱ्या दिवशी त्याच्या बरगडीखाली कळा येत. डॉक्टरनं मूत्रपिंडं बिघडल्याचं सांगितलं होतं, पण दगडू त्याला उसणच म्हणायचा. त्याची बायको हौसा पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. अशा बाईचा पाय तीनदा लागला की उसण उतरते, यावर त्या काळी गावाचा विश्वास होता.

हौसा भिंत धरत आली. रात्री त्यानं लाथांनी तुडवलेली तिची कंबर सरळ होत नव्हती.

पहिला पाय तिनं हलकेच टेकवला, दुसराही. तिसऱ्या वेळी मात्र पाय उंच उचलून दुखऱ्या जागीच टाच घातली. दगडू किंचाळला.

"जीव घेतीस काय गं?"

"उसण जुनी हाय. पडून ऱ्हावा."

तो उठायला धडपडला. तेवढ्यात चुलीपुढून सासू आली. चौदा वर्षं सगळं बघून गप्प राहिलेली ती म्हातारी लेकाच्या डोक्याशी बसली आणि तिनं त्याचे खांदे जमिनीला दाबून धरले.

"हाण पोरी," ती म्हणाली. "उतरंस्तोवर हाण."